गाडीमागे ओढायची कॅरॅव्हॅन घेतली – आधी काय घ्यावं, काय घेऊ नये?

अजिंक्यताऱ्याखालून

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं रोमात (म्हणजे नुसता वाचत) असायचो, आज पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मार्चमध्ये बँकेतून निवृत्त झालो. सौ.ला आणि मला फिरायची हौस, पण तिला लॉजच्या चादरी चालत नाहीत आणि मला लॉजचा चहा. म्हणून मोठ्या धाडसानं एक जुनी कॅरॅव्हॅन घेतली. इंजिन असलेली नव्हे, एसयूव्हीच्या मागे हुकाला जोडून ओढायची. एकच आस, दोन चाकं, आत पलंग, छोटा ओटा, सिंक, एवढासा संडास. रिकामं वजन 800 किलो, कागदावर तरी. सध्या साताऱ्यात घरासमोर उभी आहे आणि येणारा-जाणारा विचारतो, "काका, वडापाव कधीपासून सुरू?"

मुलगी अमेरिकेत असते. तिनं कुठले कुठले व्हिडिओ बघून 43 वस्तूंची यादी पाठवलीय. पाण्याच्या दाबाचा रेग्युलेटर, मैल्याचा नळ, सर्ज प्रोटेक्टर, डोलणं थांबवायचा दांडा, आणि काय काय. सगळं घ्यायचं म्हटलं तर फंड मोडावा लागेल. आपल्या रस्त्यांवर, आपल्या पाण्या-विजेवर यातलं खरंच काय लागतं? ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा. पहिली फेरी कोयनानगरला काढायचा विचार आहे.

भडंग

काका, पहिली वस्तू: "येथे वडापाव मिळत नाही" अशी पाटी.

वाचनमात्र

वाचतोय.

घाटवाट

अभिनंदन! चार वर्षं ओढतोय, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

यादी बाजूला ठेवा आणि आधी गाडीखाली वाका. नवा माणूस आतल्या वस्तू आधी घेतो. घडीचं टेबल, लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ, मगांचा सेट. मीही तेच केलं. पहिल्या फेरीत वाईच्या पुढे ट्रेलरचं टायर फुटलं तेव्हा कळलं की मगांचे सहा सेट आहेत आणि स्टेपनी नाही. गाडीची स्टेपनी ट्रेलरला बसत नाही, बोल्टांचं गणित वेगळं. गाडीचा जॅकही आसाखाली पुरेना. तीन तास रस्त्याकडेला मगात चहा प्यालो.

तेव्हा माझा क्रम असा. ट्रेलरची स्वतःची स्टेपनी. तिला चालणारा जॅक आणि पाना. दोन्ही चाकांना पुढून-मागून लावायला चार ठोकळे. हवा बघायचं मीटर. आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा: 2319 असेल तर 2019 सालच्या 23व्या आठवड्यातलं टायर. ट्रेलरची टायरं झिजून जात नाहीत, उभ्या उभ्या म्हातारी होतात. नक्षी कोरी करकरीत दिसते आणि रबर कडेनं तडकलेलं असतं. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षीकडे न बघता बदला. जुनी गाडी घेतलीय म्हणता, तर आजच बघा.

अजिंक्यताऱ्याखालून

@घाटवाट, आत्ताच बॅटरी घेऊन खाली वाकून आलो. एकावर 0816, दुसऱ्यावर 4117. म्हणजे एक 2016 चं आणि एक 2017 चं?

घाटवाट

बरोबर वाचलंत. दोन्ही काढा. कोयनानगर थोडं थांबेल.

खडूस

स्पष्ट बोलतो, राग नसावा. टायर, हूक, बॅटरी, विमा, पार्किंग, वर गाडी पिणार तिप्पट डिझेल. तेवढ्यात जन्मभर बऱ्या हॉटेलात राहता येईल. चादर घरून न्यायची, झालं.

मीरा_के

@खडूस, तिप्पट नाही हो, आमची दीडपटीच्या आसपास पिते. आणि चादर नेता येते, संडास नेता येत नाही. बाईमाणसाला विचारा तीनशे किलोमीटरच्या प्रवासात खरी अडचण कुठली असते ते. आम्ही घेतली ती त्यासाठीच, बाकी निसर्गसौंदर्य वगैरे नंतर.

नटबोल्ट

घाटवाट यांनी चाकांचं सांगितलं, मी जोडाचं सांगतो. (यांत्रिकीत 31 वर्षं काढली आहेत, त्यामुळे उपदेश सुटणारच.)

1. हुकाचा गोळा आणि ट्रेलरच्या तोंडाची वाटी एकाच मापाची हवी. इथे 50 मिलिमीटरचा गोळा जास्त दिसतो, पण अमेरिकी मापाचे इंची गोळेही ऑनलाइन मिळतात. 2 इंच म्हणजे 50.8, "जवळपास तेच" असं दुकानदार म्हणेल. ऐकू नका. वाटीवर छापलेलं माप बघा.

2. दोन साखळ्या, ट्रेलरच्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन बांधायच्या. जोड निसटला तर दांडी त्या फुलीत अडकते, रस्त्यात रुतत नाही.

3. ट्रेलरला ब्रेक असतील तर तुटक वायर. जोड सुटून ट्रेलर वेगळा झाला की ती ओढली जाते आणि ब्रेक लागतात. ती गाडीच्या पक्क्या जागी अडकवा, हुकाच्या गोळ्याला नव्हे. गोळाच उखडला तर वायर त्याच्याबरोबर जाईल.

4. चाक काढून बसवलं की 50 ते 80 किलोमीटरवर थांबून नट परत आवळा. टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानंच आवळणारा) घ्या. पायानं उड्या मारून आवळलेला नट हा आपला राष्ट्रीय रोग आहे.

5. पहिल्या थांब्यावर दोन्ही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात न्या. कोमट ठीक. एक कोमट आणि एक हात ठेववेना इतकं गरम, तर बेअरिंग कोरडं आहे किंवा ब्रेक घासतोय. या चाचणीला पैसे पडत नाहीत.

माणदेशी_गडी

हितं सगळी लय शिकल्याली मान्सं दिसत्यात, पर म्या बी बोलतो. आमचा धंदाच ट्रॉलीचा. कारखान्याला ऊस वाहतो, दोन दोन ट्रॉल्या एकामागं एक.

काका, तुमी म्हनताय ती डोलणं थांबवायची दांडी घिऊ नगा अजून. आदी भार बघा. बैलगाडीत मागं वजा जादा झालं की गाडी उलाळ व्हती, जू वर उचलतं, बैलाच्या मानंला फास बसतो. तुमची गाडी उलाळ आसंल तर ती शेपूट हालवनारच. दांडी लावून रोग दबतो, जात न्हाय.

आन् त्या म्होरल्या चाकाच्या जॅकला विंग्रजीत काय म्हनत्यात ठावं न्हाय, आमच्या बैलगाडीला त्यो शिपाई. गाडी सोडल्याव जुवाखाली उभा ऱ्हातो म्हनून शिपाई. मऊ रानात शिपाई रुततो, त्याच्याखाली फळी पायजेच.

भडंग

शिपाई! 43 वस्तूंची यादी आणि एकालाही मराठी नाव नव्हतं, हे पहिलं. दंडवत घ्या.

अजिंक्यताऱ्याखालून

@माणदेशी_गडी, आमच्या आजोबांच्या तोंडून "उलाळ" ऐकला होता हा शब्द! पण भार मोजायचा कसा? व्हिडिओत ते बाथरूमच्या वजनकाट्यावर दांडी ठेवतात.

माणदेशी_गडी

बाथरूमचा काटा कशाला? आपल्या मुलखात दर पाच-धा मैलावं ऊस तोलायचा वजनकाटा हाय. दोनदा तोला. पैल्यांदा गाडी सोडून निसती ट्रॉली काट्यावं, शिपायासकट. मग गाडीला जोडून ट्रॉलीची चाकंच काट्यावं, गाडी म्होरं काट्याच्या भाईर. दोन्हीतला फरक म्हंजी हुकावरचा भार. काट्यावाल्याला च्या पाजा, सीझन नसंल तर पैसं बी घ्यायचा न्हाय.

नटबोल्ट

अप्रतिम. कागदावर याहून सोपी पद्धत मलाही सांगता आली नसती.

आता आकडा किती हवा? अमेरिकेतले लोक एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हुकावर धरतात, युरोपात 5 ते 7 टक्के. मुलीच्या यादीत 10-15 असेल. पण तुमच्या गाडीच्या पुस्तकात हुकावर उभा भार जास्तीत जास्त किती चालतो तेही लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना 15 टक्के झेपणार नाही. कमी पडला तर ट्रेलर झुलतो. जास्त झाला तर गाडीचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हलकं लागतं आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यात जातात. पुस्तकातली मर्यादा ही लक्ष्मणरेषा, तिच्या आत राहून जमेल तेवढा.

घाटवाट

झुलण्यावरून माझा किस्सा. पहिल्या वर्षी पुण्याहून येताना खंबाटकी उतरून सपाटीला लागलो, वेग 85 च्या आसपास. शेजारून व्होल्वो गेली. तिच्या वाऱ्यानं ट्रेलर एकदा डावीकडे ओढला गेला, मग उजवीकडे, मग आणखी डावीकडे. आरशात आधी ट्रेलरची उजवी भिंत दिसली, मग डावी. माझा पाय आपोआप ब्रेककडे गेला आणि बायको ओरडली, "नको!" तिनं व्हिडिओ बघितला होता, मी नव्हता. पाय नुसता वर घेतला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. सात-आठ सेकंदांत शांत झालं. मग रस्त्याकडेला थांबून दोघंही बराच वेळ बोललो नाही.

कारण काय, तर मागच्या टाकीत 60 लिटर पाणी भरलं होतं, वर मागच्या कपाटात तांदळाचं पोतं. उलाळ!

तेव्हापासून 70 च्या वर जात नाही. जोरात ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग उलट फिरवत बसायचं नाही. ट्रेलरच्या ब्रेकला वेगळी कळ असेल तर फक्त ती दाबायची.

ऋतू_वाईकर

एक बाळबोध प्रश्न. ट्रेलरला वेगळं पासिंग लागतं का? की गाडीचाच नंबर मागे लावायचा?

नटबोल्ट

1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वेगळं वाहन धरलं आहे, नोंदणी वेगळी. उसाच्या ट्रॉलीलाही वेगळा नंबर असतो, बघा. जुनी घेतली असेल तर आरसी स्वतःच्या नावावर करून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा की गाडी ट्रेलर ओढते.

माणदेशी_गडी

आन् मागं लाल चकाकनारी पट्टी लावा, दोनी अंगाला पिवळी. रातच्याला उभ्या ट्रॉलीवं मागनं येऊन धडकल्याली मान्सं डोळ्यांनी बघितल्यात. ही पट्टी लय स्वस्त हाय, यादीत वरती घ्या.

पेवकर

उशिरा आलो. सांगलीकर, वायरमन. विजेचा विषय कुणीच काढला नाही म्हणून आलो.

गेल्या पावसाळ्यात दंडोबाच्या पायथ्याशी एका शेतघरावर मित्राची कॅरॅव्हॅन उभी होती. मला म्हणाला, दाराला हात लावला की झिणझिण्या येतात. पायाखाली ओलं गवत. मी टेस्टर लावला तर सगळा पत्रा जिवंत! आतल्या गिझरमध्ये गळती आणि शेतघराच्या सॉकेटला अर्थिंगच नाही. तिसरं भोक होतं, पण मागे वायर नव्हती, शोभेला. घर जमिनीवर उभं असतं, कॅरॅव्हॅन रबरी टायरांवर. करंटला जमिनीत जायला वाट नाही, ती वाट तुम्ही दारात उभे राहून करून देता.

म्हणून माझी यादी:

सॉकेटमध्ये खुपसायचा तीन दिव्यांचा टेस्टर. फेज-न्यूट्रल उलटे आहेत का, अर्थ आहे का, लगेच कळतं. नवीन ठिकाणी केबल जोडायच्या आधी हा खुपसायचा. अर्थ नसेल तर जोडू नका, सरळ.

कॅरॅव्हॅनच्या आत 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. साधी एमसीबी (भार जास्त झाला की पडते ती) वायर वाचवते, ही माणूस वाचवते. महिन्यातून एकदा तिचं टेस्टचं बटण दाबून बघा.

व्होल्टेज प्रोटेक्टर. अमेरिकेतला सर्ज प्रोटेक्टर वेगळ्या कामाचा. आपल्याकडे शेतीच्या लाइनवर संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज 170 पर्यंत झोपतं, आणि डीपीवर न्यूट्रल तुटला तर घरात 400 च्या आसपास येऊ शकतात. दोन्ही वेळा तोडणारा घ्या.

केबल तीन तारांची, तांब्याची, 2.5 स्क्वेअर एमएम, 16 अँपिअरचा प्लग टॉप. आणि वापरताना रीळावरून पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या केबलवर एसी चालवला की आतली वेटोळी तापून एकमेकांना चिकटतात. अशी वितळलेली केबल माझ्या दुकानात टांगून ठेवलीय, गिऱ्हाइकाला दाखवायला.

मीरा_के

पेवकर, हा प्रतिसाद छापून कॅरॅव्हॅनच्या दाराला आतून चिकटवते.

भडंग

आतून नको, बाहेरून. आत यायला दाराला हात लावावा लागतो.

मीरा_के

आता पाणी आणि संडास, माझा विषय.

दाबाचा रेग्युलेटर घेऊ नका. त्यांच्याकडे कॅम्पच्या नळाला दाब फार असतो, पाइप फाटतो म्हणून ते 40-50 पीएसआयवर (हे दाबाचं माप) बांधतात. आपल्याकडे गच्चीवरची टाकी 6 मीटर उंच असेल तर दाब येतो जेमतेम 8-9 पीएसआय. बांधायला आहे काय? फक्त एखाद्या रिसॉर्टवर बूस्टर पंप असेल तर नळ थोडाच उघडा.

त्याऐवजी पाण्यासाठी खायच्या दर्जाची नळी. बागेची हिरवी नळी उन्हात राहिली की चहाला प्लॅस्टिकचा वास येतो. वीस लिटरचे दोन जार, एक नरसाळं. बोअरचं पाणी टाकीत भरायचं असेल तर आधी गाळणी.

मैल्याचा लांब नळही नको. तो थेट गटाराला जोडतात. 2021 मध्ये राज्यानं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण मैला रिकामा करायची वेगळी जागा आमच्या वाटेवर मला अजून दिसलेली नाही. कॅसेटचा संडास बरा. खालची पेटी सुटकेससारखी ओढत न्यायची, घरी किंवा विचारून एखाद्या हॉटेलच्या संडासात रिकामी करायची. फॉर्मालिनचं रसायन घालू नका, सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि पुढच्या वेळी ते हॉटेलवाले उभं करत नाहीत. रबरी हातमोजे ह्याच कामाचे वेगळे, लाल रंगाचे. आमच्या ह्यांनी एकदा त्याच हातमोज्यांनी पाण्याची नळी जोडली. पुढचं लिहीत नाही.

खडूस

लिहा की.

मीरा_के

नाही.

कासपुष्प

थोडं वेगळं. आज एसयूव्ही, उद्या कॅरॅव्हॅन, परवा पठारावर जनरेटर. कास 2012 पासून जागतिक वारशात आहे. मोसमात गाड्या खाली लावून बसनं वर जावं लागतं ते उगाच नाही, फुलं मातीच्या जेमतेम इंचभर थरावर जगतात, एका चाकानं सड्यावरचा (उघड्या कातळावरचा) तो थर जातो. ओटा धुतलेलं साबणाचं पाणी बाहेर सोडून देणारे कॅरॅव्हॅनवालेही पाहिलेत. सामानाच्या यादीत सांडपाण्याची बादली धरता का तुम्ही लोक?

घाटवाट

हे बरोबर बोललात. सिंकच्या नळीखाली झाकणाचा कॅन ठेवायचा, रात्री पेट्रोल पंपावर विचारून रिकामा करायचा. मी जनरेटर ठेवत नाही, छतावर सोलर पॅनल आणि लिथियम बॅटरी. शिशाची बॅटरी अर्ध्याखाली गेली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून निम्मीच वापरायची असते, हे नव्यांना कुणी सांगत नाही.

खडूस

म्हणजे जंगल वाचवायला लिथियमच्या खाणी. छान.

कासपुष्प

तुम्ही चादर घेऊन लॉजवरच जा बरं.

संपादक मंडळ

मंडळी, धाग्याच्या विषयावर या. खाणींवर वेगळा धागा काढा.

नटबोल्ट

गॅस राहिला. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, गळला की जमिनीवर पाण्यासारखा पसरतो. म्हणून गॅसचा अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर लावा. छताला लावलेला पाहिलाय मी, तो वाजेपर्यंत आपण वाजलेले असू. कॅरॅव्हॅनच्या तळाला जाळीची भोकं असतात ती गॅस बाहेर पडावा म्हणूनच. थंडी येते म्हणून पोतं कोंबू नका. 5 किलोचा सिलिंडर उभाच बांधा, नळी पाच वर्षांत बदला, ओट्याजवळ पावडरीचं अग्निशामक, तेही दाराच्या बाजूला. आग ओट्यावर लागते, ओटा ओलांडून जाऊन नळकांडं आणता येत नाही. आणि ऊब हवी म्हणून शेगडी पेटवून झोपणं तर कधीच नाही.

घाटवाट

बाहेरचं छत, ते गुंडाळायचं, त्याबद्दल एकच शब्द: चाळकेवाडी. पवनचक्क्या तिथे उगाच उभ्या केलेल्या नाहीत. आम्ही छत उघडलं, चहा ठेवला, आणि छत ट्रेलरच्या डोक्यावरून पलीकडे जाऊन पडलं. चहा सापडलाच नाही. वारा असेल तर उघडूच नका. साधी ताडपत्री, चार खुंट्या आणि दोरी बरी, गेली तर शंभर-दोनशेची गेली.

ऋतू_वाईकर

आणि मागे घेणं? मला साधी गाडी मागे घेता येत नाही.

माणदेशी_गडी

हात स्टेरिंगच्या खालच्या अंगाला धरा. हात डावीकडं न्हेला की ट्रॉलीचं बूड डावीकडं जातं, उजवीकडं न्हेला की उजवीकडं. हळू. चुकलं की म्होरं या, परत लावा. लाजायचं न्हाय. आन् खरं शिकायचं आसंल तर कारखान्याच्या गव्हाणीम्होरं (ऊस टाकत्यात तितं) जाऊन हुबा ऱ्हावा, आमची विशीतली पोरं ट्रॉली कशी बसवत्यात बघा.

पेवकर

आणि बायकोला मागे उभं करून "या या या" म्हणायला लावू नका. ती आरशात दिसत नसेल तर तुम्ही थांबायचं, हा नियम आधीच ठरवा. आमच्याकडे त्या "या या या" वर दोन दिवस अबोला होता.

भडंग

या प्रतिसादाची वाखू (वाचनखूण) साठवली.

अजिंक्यताऱ्याखालून

मंडळी, महिनाभरानं येतोय. सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवले होते, सौ. म्हणाली बँकेत एवढं लक्ष दिलं असतं तर मॅनेजर झाला असतास. आता वृत्तांत.

टायर दोन्ही बदलली, स्टेपनीसकट तीन घेतली. जुनं काढल्यावर दुकानातल्या पोरानं कड वाकवून दाखवली, आतून भाकरीसारखी भेगाळलेली.

मग वजनकाटा. सगळं सामान, पाण्यासकट भरून गेलो. सुटी ट्रॉली 1120 किलो. (रिकामी 800 म्हणे!) जोडून चाकांवर 1090. म्हणजे हुकावर फक्त 30. काट्यावरचा माणूस हसून म्हणाला, "उलाळ हाय पावनं." मी म्हटलं, माहीत आहे, तेच बघायला आलोय. मागची टाकी रिकामी केली, बॅटरी मागच्या कपाटातून काढून पुढच्या पेटीत बसवून घेतली. पुन्हा तोललं: 1060 आणि 970. हुकावर 90. गाडीच्या पुस्तकात 100 ची मर्यादा. माझ्यासारख्या बँकवाल्याला ताळेबंद जुळल्याचा आनंद झाला. चहाचे पैसे त्यानंच दिले.

हुकाचं मात्र वाईट झालं. एका फॅब्रिकेटरनं दोन आठवडे फिरवलं आणि मग बसवला तो बंपरच्या पट्टीला, चेसीला नाही. नटबोल्ट यांचं वाचलेलं असल्यानं गाडीखाली वाकून बघितलं, नाहीतर तसाच निघालो असतो. दुसरीकडून काढून पुन्हा करून घेतला.

पहिली रात्र कोयनेला नाही, लिंबला मेव्हण्याच्या रानात काढली. घरापासून पाऊण तासावर, काही विसरलं तर आणता येईल म्हणून. काय विसरलो? काहीच नाही. पण 43 पैकी वापरलं किती, तर अकरा. पेवकरांचा टेस्टर मेव्हण्याच्या गोठ्यातल्या सॉकेटला लावला, एकच दिवा लागला, अर्थ गायब. मेव्हणा म्हणाला दहा वर्षं असंच चालतंय. दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावला, गोठ्यातल्या म्हशीही सुरक्षित झाल्या.

पातळी बघायची तर गवंड्याकडची लेव्हल आणली होती, पण ती लागायच्या आधीच सौ.नं ओट्यावर ठेवलेलं वांगं घरंगळत जाऊन पलंगाखाली गेलं. डाव्या चाकाखाली दोन फळ्या सरकवल्या. परत वांगं ठेवलं. थांबलं. मग ठोकळे लावले, गाडी सोडली आणि शिपाई फिरवून पुढची बाजू जमवली.

इथे घोळ. काळं रान, आदल्या दिवशी पाणी दिलेलं. शिपायाचं चाक बघता बघता माझ्या डोळ्यांदेखत चार बोटं खाली गेलं. आणि दोन्ही फळ्या डाव्या चाकाखाली लागलेल्या, तिसरी नाही. माणदेशी_गडी, तुम्ही सांगितलं होतं, वहीत अधोरेखितही केलं होतं. शेवटी सौ.च्या माहेरचा जेवणाचा पाट काढला आणि शिपायाखाली घातला. एकशेवीस किलोमीटरच्या परिघात त्याहून योग्य वस्तू नसेल, इंचभरही हलला नाही. पण सकाळी काढला तेव्हा मधोमध चाकाची वाटी उमटली होती.

आता पुढच्या रविवारी कोयनानगर. पाटणवरून जाणार, 60 च्या वर नाही.

घाटवाट

घरापासून पाऊण तासावर पहिली रात्र, हे कुणी सांगितलंच नव्हतं तुम्हाला आणि तेच सगळ्यात भारी केलंत. ते बाकीचे 32 विका इथेच, मी दाब रेग्युलेटर सोडून काहीही बघेन.

मीरा_के

वहिनी पाटाबद्दल काय म्हणाल्या ते लिहा आधी.

अजिंक्यताऱ्याखालून

"त्या पाटावर आता तूच जेवायचं."

माणदेशी_गडी

काका, गावाकडं या. बाभळीची चांगली तीन इंची फळी देतो शिपायाला. आन् वयनींस्नी नवा पाट, त्यो आमच्याकडनं.